ऊर्फ, आणि आजींचं माहेर

क्वेबेकमधल्या चर्चच्या जुन्या वह्या चाळताना 'दी' हा एक छोटासा फ्रेंच शब्द सारखा भेटतो. अर्थ 'म्हटला जाणारा', म्हणजे आपला सरळसरळ 'ऊर्फ'! 'मिव्हिल दी देशेन', 'उदों दी बोल्यू' अशी ती जोडनावं. १६६५ साली फ्रान्सहून कारिन्यां-सालिएर पलटणीचे सुमारे १२०० सैनिक तिकडे गेले, त्यातले चारेकशे तिथेच राहिले. पलटणीत प्रत्येकाला एक टोपणनाव असायचं. लाफ्लर म्हणजे फूल, सांसूसी म्हणजे बिनघोर, जोलीकर म्हणजे गोड मनाचा (लढाईला निघालेल्यांची नावं ही!). पुढे तीच आडनावं झाली.

आता घोळ असा, की एक भाऊ मूळ नाव लावायचा, दुसरा टोपणनाव, आणि तिसरा लग्नात एक, शेतीच्या कागदावर दुसरं. भरीला बाप्तिस्म्यात बहुतेक प्रत्येक मुलगा 'जोसेफ' आणि मुलगी 'मारी', हाक मारायचं नाव शेवटी. एकाच घरात पाच जोसेफ... काय करायचं?

मी या वह्यांच्या नादी लागलो ते आमच्या शेजारच्या आजींमुळे. त्यांचे आजी-आजोबा क्वेबेकहून इथे लोवेलच्या कापडगिरण्यांत कामाला आले. १८४० ते १९३० या काळात असे साधारण ९ लाख लोक सरहद्द ओलांडून अमेरिकेत आले. इथे मग आडनावांचंही इंग्रजी झालं. बुआव्हेरचे ग्रीनवुड, लब्लांचे व्हाइट, र्‍वाचे किंग. आजींचं आडनावही आता पक्कं इंग्रजी. त्यांना फ्रेंच बोलता येतं, पण जुनं हस्ताक्षर वाचवत नाही; मला कॉलेजातलं थोडंफार येतं. त्यांना हवी होती आपल्या आजीची आई. जनगणनेत आजी फक्त नवर्‍याच्या आडनावाने, आणि थडग्यावरही तेच.

मी आधी पुरुषांची साखळी धरली. ती दोन पिढ्यांत तुटली, 'ऊर्फ'पाशीच. मग लोवेलच्या फ्रेंच चर्चची लग्नाची नोंद मिळाली, आणि तिथे आजी तिच्या माहेरच्या आडनावाने उभी!

फ्रेंच कॅनडातली ही रीत मला फार मोलाची वाटते. लोक तोंडाने 'मादाम अमुक' म्हणोत, पण चर्चच्या वहीत आणि नोटरीच्या कागदात बाई जन्मनावानेच असते. लग्नात, बाळाच्या बाप्तिस्म्यात, मरणातसुद्धा. लग्नाच्या नोंदीत सहसा दोन्हीकडच्या आईवडिलांची नावं असतात, आईचं माहेरच्या आडनावासकट. जवळच्या नात्यात लग्न होऊ नये, झालंच तर चर्चची सूट घ्यावी, म्हणून पाद्री चौकशी करत. त्यामुळे एक लग्न सापडलं की एक पिढी वर चढता येते. १९४० च्या दशकात द्रुएँ संस्थेने या वह्यांचे मायक्रोफिल्म केले, म्हणून आज हे घरबसल्या जमतं. १९८१ पासून तर क्वेबेकच्या कायद्यानेच बाईचं नाव लग्नानंतर तेच राहतं.

आमच्याकडे पणजीचं लग्नात आडनावच काय, नावही बदललं. तिचं माहेरचं नाव घरात आता कुणालाही सांगता येत नाही. कुणा काका-आत्यांना आठवत असेल तर कृपया कळवा, खरंच.

असो. आजींची आईकडून आईकडे जाणारी साखळी हळूहळू १६६९ सालच्या एका लग्नापर्यंत पोचली. नवरी 'राजाच्या मुलीं'पैकी, म्हणजे १६६३ ते १६७३ मध्ये राजाच्या खर्चाने वसाहतीत पाठवलेल्या सुमारे ८०० मुलींपैकी एक. तिला सही येत नव्हती. तिच्या आईचं नाव आहे, माहेरच्या आडनावासकट. त्या आईच्या आईसाठी आता फ्रान्समधल्या एका खेड्याची वही उघडायची आहे. आजी म्हणतात, घाई कर, मी ८७ ची आहे.