तारा का वाढतात?

वाद्याला आणखी एक तार जोडली की तिला गिऱ्हाईक मिळतेच, असे नाही. इबानेझ या जपानी कंपनीने १९९० साली स्टीव्ह वाय या वादकाबरोबर घडवलेली सात तारांची इलेक्ट्रिक गिटार बाजारात आणली, तेव्हा ती थोड्यांचेच कुतूहल होती. १९९४ साली ‘कॉर्न’ या अमेरिकन वाद्यवृंदाचा पहिला अल्बम आला. त्यातला खर्जाचा जड नाद तरुणांच्या कानात बसला आणि सातवी तार मागितली जाऊ लागली. पुढे आठ तारांच्या गिटारीही आल्या. अशी मागणी आधी कानात जन्मते, दुकानात नंतर पोचते.

हे आपल्या वाद्यांवरून अधिक स्पष्ट होते. हिंगोली जिल्ह्यातील नरसी हे परंपरेने नामदेवांचे जन्मगाव मानले जाते. अभंगाला एकतारी पुरते, कारण तिथे शब्द पुढे असतो आणि सुराने त्याला फक्त आधार द्यायचा असतो. दुसरी तार नसणे ही तिथे उणीव ठरत नाही.

नरसीचे वारकरी ज्या पंढरपूरला जातात, त्याच परिसरातला भोपळा मिरजेच्या तंबोऱ्याला लागतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मिरजेच्या फरीदसाहेबांनी शस्त्रांना धार लावण्याचा घरचा धंदा सोडून तंतुवाद्ये घडवायला घेतली. संस्थानी आश्रय होता, ख्यालगायकांची ये-जा होती. तंबोऱ्याच्या चार तारांतली पहिली पंचमाची. मालकंसात पंचम वर्ज्य म्हणून ती मध्यमात लावतात, मारव्यात निषादात. पण पंचम आणि निषाद दोन्ही एकदम हवे असतील, तर एका तारेवर ते बसत नाहीत. पाच तारांचा तंबोरा या गरजेला उत्तर देतो. त्यासाठी कारागिराला घोडी, खुंटी आणि जवारी यांचा हिशेब नव्याने करावा लागतो.

१९७९ साली इलेक्ट्रॉनिक तंबोरा आला. आता तर मोबाइलवर बोट टेकवले की हवी तितकी तारांची संख्या मिळते. मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, हे योग्यच झाले. मात्र मानांकनाने नाव राखले जाते. जवारी लावलेल्या तारेचा आस ओळखणारा कान विद्यार्थ्यांत घडला नाही, तर पाचवीच काय, पहिली तार मागायलाही मिरजेला कोणी जाणार नाही.