सहा ठिपके आणि पहिला मजला

नसीमा हुरजूक यांचं 'चाकाची खुर्ची' तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी वाचलं असेल. ऐन तारुण्यात कमरेखालचं शरीर लुळं पडलेली मुलगी पुढे नोकरी करते, १९८४ साली कोल्हापुरात 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' उभी करते, त्याची ही गोष्ट. मी ते ज्या वाचनालयातून आणलं ते पहिल्या मजल्यावर होतं, आणि लिफ्ट नव्हती. म्हणजे नसीमादीदींना स्वतःचंच पुस्तक तिथून घेता आलं नसतं! असो.

तेव्हापासून शनिवार-रविवारी चितेगावच्या घरी हेच वाचायचं खूळ लागलंय. (पैठण रोडवर, रविवारी निवांत असतं.)

लुई ब्रेलने १८२४ च्या सुमारास, वयाच्या पंधराव्या वर्षी, सहा ठिपक्यांची लिपी बसवली. आपल्या भाषेत सहा बिट, ६४ जागा, त्यातली एक कोरी. भारतात आधी वेगवेगळ्या ब्रेल चालायच्या. १९५१ साली भारती ब्रेल ठरली आणि गोंधळ मिटला: उच्चार एक, तर ठिपके एक. मराठीतला 'क' आणि तमिळमधला 'क' बोटाला सारखाच लागतो. छापील 'कि' मध्ये वेलांटी आधी दिसते, ब्रेलमध्ये मात्र आधी क, मग इ. युनिकोडमध्येही हाच क्रम आहे. भारीच ना?

पण मराठी ब्रेलमधलं पाक्षिक 'स्पर्शज्ञान' निघायला १५ फेब्रुवारी २००८ उजाडली. ते काढलं स्वागत थोरातांनी, जे स्वतः डोळस आहेत.

पुस्तकांचा घोळ कायद्याचाही होता. कॉपीराइट असलेलं पुस्तक ब्रेलमध्ये किंवा ऑडिओत आणायचं तर परवानगी मागत फिरा. २०१२ च्या कायदादुरुस्तीने ही अट अपंग वाचकांसाठी काढली. २०१३ साली मराकेश करार झाला, आणि २०१४ मध्ये त्याला मान्यता देणारा पहिला देश भारत. २०१६ मध्ये 'सुगम्य पुस्तकालय' हे ऑनलाइन ग्रंथालयही सुरू झालं.

मग मराठी पुस्तकं पटापट तिथे का जात नाहीत? एक कारण आपल्याच धंद्यातलं आहे. वर्षानुवर्षं आपली पुस्तकं युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइपसेट झाली. पडद्यावर सुरेख मराठी दिसतं, पण फाईलच्या आत रोमन अक्षरं आणि चिन्हांचा काला. स्क्रीन रीडर तोच काला वाचून दाखवतो. मग एक तर कन्व्हर्टर लिहा, नाहीतर छापील पान स्कॅन करून जोडाक्षरं एकेक तपासत बसा. सध्या माझा एक कन्व्हर्टर रफारापाशी अडकलाय. कुणाला हात लावायचा असेल तर कळवा.