पांढरी, पाषाण आणि पेव्हर ब्लॉक : अंगणाच्या जमिनीचा इतिहास
(अनसिंग, जि. वाशिम येथील व्याख्यानाचे शब्दांकन)

मंडळी, आजचा विषय आपल्या पायाखालचा आहे. अंगणात काय घालायचं? सारवण, कोबा, शहाबादी फरशी की पेव्हर ब्लॉक? तुम्ही म्हणाल, हे मिस्त्रीला विचारायचं, तत्त्वज्ञानाच्या मास्तराला कशाला? पण 'चांगलं' कशाला म्हणायचं, हा प्रश्न तत्त्वज्ञानाचाच आहे, आणि अंगणाएवढं सोपं उदाहरण त्याला मिळायचं नाही.

सुरुवात आपल्या भाषेपासून करू. गावाच्या वस्तीला आपण 'पांढरी' म्हणतो आणि शेताला 'काळी'. आपली काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, भेगा पडतात. पिकाला ती आई, पण भिंतीला आणि फरशीला वैरीण. म्हणून जुन्या लोकांनी काळी पिकासाठी ठेवली आणि घरं पांढरीवर बांधली. आपल्या गढ्यासुद्धा पांढऱ्या मातीच्याच.

त्या पांढरीवरचं अंगण म्हणजे मुरूम, माती, धुम्मस आणि वर शेणाचं सारवण. उन्हाळ्यात सारवलेली जमीन दगडासारखी पाय भाजत नाही. खर्च जवळजवळ शून्य. पण थांबा. खर्च शून्य कोणाचा? दर चार-आठ दिवसांनी वाकून सारवायचं कोणी? घरच्या बाईनं. तो हिशेब कोणत्याही वहीत लिहिला गेला नाही. 'जुनं तेच सोनं' असं म्हणणाऱ्यानं आधी महिनाभर सारवून बघावं.

दुसरा टप्पा पाषाणाचा. आपल्याकडचा काळा दगड साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. तो कठीण, जड, आणि पातळ पापुद्रे निघत नसलेला. प्रत्येक चिरा टाकीनं घडवावा लागतो. म्हणून सामान्यांच्या घरात तो जोत्यापुरता, पायरीपुरता यायचा. आणि भरभरून वापर कुठे, तर देवळात आणि पाण्याकाठी. वाशिमलाच बघा. वाकाटकांचं वत्सगुल्म ते हेच. तिथलं पद्मतीर्थ, अठराव्या शतकात भवानी काळूंनी बांधलेलं बालाजी मंदिर, देव तलाव. ओल्या पायाची माणसं जिथे वावरतात तिथे दगड कसा हवा? टाकीचे घाव राहिलेला, खरबरीत. गुळगुळीत दगड दिसायला देखणा, पण शेवाळ धरला की म्हातारं माणूस आडवं झालंच म्हणून समजा.

पाण्याकाठच्या या विचाराचा वंश फार जुना आहे. मोहेंजोदडोचं महास्नानगृह साधारण १२ मीटर लांब, ७ मीटर रुंद. पक्क्या विटा काठावर उभ्या करून जिप्समच्या गाऱ्यात घट्ट बसवलेल्या, आणि पाणी झिरपू नये म्हणून मागे डांबराचा थर. आजच्या जलतरण तलावाच्या गुत्तेदारालाही याहून वेगळं काही सुचत नाही. त्याची फक्त रसायनं बदलली.

तिसरा टप्पा रेल्वेचा. १८७१ साली मुंबईहून निघालेली लोहमार्गाची वाट रायचूरला मद्रासच्या मार्गाला मिळाली. शहाबाद त्याच वाटेवर. तिथला चुनखडक थराथरानं निघतो, सपाट. घडवण्याची मजुरी वाचली आणि वाहतूक सोपी झाली. मग शहाबादी फरशी घरोघर पोचली. तिचे दोन अवगुण मात्र लक्षात ठेवा. आम्लानं ती खराब होते, तेव्हा फरशी धुवायला ॲसिड नको. आणि घोटलेली फरशी ओली झाली की निसरडी. न्हाणीत आणि हौदाकाठी घ्यायचीच तर खडबडीत घ्या.

पुढे सिमेंट आलं. पोर्टलँड सिमेंटचं पेटंट १८२४ चं, इंग्लंडातलं; आपल्या अंगणात कोबा यायला शंभराहून अधिक वर्षं लागली. कोब्यानं बाईची कंबर सोडवली, हे मोठं काम. पण खालची काळी माती हलली की कोबा तडकतो, आणि तडकलेला कोबा फोडावाच लागतो. पेव्हर ब्लॉक इथे सरस. जमीन खचली तर तेवढे उचला, खाली मुरूम भरा, परत बसवा. सांधे वाळूचे ठेवले तर थोडं पाणी मुरतंही. पण आपण करतो काय? आधी काँक्रीटचा थर टाकतो, मग त्यावर ब्लॉक. पाणी सगळं नालीत. पावसाळ्यात गल्ली तुंबते, आणि उन्हाळ्यात तेच आपण टँकरची वाट बघतो.

म्हणून मी सांगतो, तीन प्रश्न विचारा. पाय कोणाचा? पाणी कुठे जाणार? आणि निगेचे कष्ट कोण उपसणार? पहिल्या टप्प्यात पाण्याचं उत्तर बरं होतं, कष्टांचं वाईट. आज कष्टांचं बरं आहे, पाण्याचं वाईट. दोन्ही साधता येतं. वावरायची वाट पक्की करा, न्हाणीजवळ खरबरीत दगड घाला, काळी माती काढून मुरूम थराथरानं धुम्मसा, आणि तुळशीभोवतीची, झाडाभोवतीची जमीन उघडी सोडा. अंगण आपलं असतं, पण त्यात पडणारा पाऊस अख्ख्या गावाच्या विहिरींचा असतो. तो अडवायचा हक्क आपल्याला कोणी दिला, याचा विचार करून मगच गुत्तेदाराला बयाणा द्या.

आता तुमचे प्रश्न घेऊ.