फुगवटा : एका उपमेचा इतिहास

एखाद्या साहित्यकृतीला आपण ‘छद्म-महाकाव्य’ म्हणतो, तेव्हा खरे महाकाव्य कसे असते हे आधीच ठरवून टाकलेले असते. दीर्घिकांच्या अभ्यासातही एका शब्दाने नेमके हेच केले.

१९२६ मध्ये एडविन हबल यांनी सर्पिल दीर्घिकांची वर्गवारी करताना मध्यभागीच्या फुगवट्याचे तुलनात्मक आकारमान हा एक निकष मानला. पण तो फुगवटा कशाचा? देवयानी दीर्घिकेच्या केंद्रभागातले तारे कित्येक वर्षे सुटे दिसतच नव्हते. ते वॉल्टर बाडे यांना १९४३ मध्ये दिसले. जर्मन नागरिक असल्यामुळे ते युद्धकार्याबाहेर राहिले होते आणि युद्धकाळात लॉस एंजेलिसचे दिवे मंदावल्याने माउंट विल्सनवरचे आकाश अधिक काळोखे झाले होते. केंद्रातले तारे गोलाकार तारकागुच्छांतल्या ताऱ्यांसारखे, तांबूस निघाले. पुढे १९४८ मध्ये जेरार द व्होकुलर यांनी लंबवर्तुळाकार दीर्घिकांचा प्रकाश केंद्रापासून कसा मंदावत जातो याचा नियम मांडला. तोच फुगवट्यांनाही लावला गेला. अशी उपमा दृढ झाली : फुगवटा म्हणजे तबकडीच्या मध्यात बसलेली एक छोटी, वृद्ध लंबवर्तुळाकार दीर्घिका.

काही फुगवटे मात्र या उपमेत मावेनात. कडेने दिसणाऱ्या काही दीर्घिकांचे मध्य चौकोनी, तर काहींचे भुईमुगाच्या शेंगेसारखे कमरेत बारीक होते. १९८१ मध्ये फ्रान्स्वाज कोंब आणि रॉबर्ट सँडर्स यांनी संगणकीय प्रारूपातून दाखवले की, तबकडीतल्याच ताऱ्यांचा दंड वरखाली जाडावला की बाजूने असाच दिसतो. टोकाकडून पाहिल्यास तोच जवळजवळ गोल भासतो. म्हणजे आकार वस्तूचा होता, तसा पाहणाऱ्याच्या जागेचाही. जॉन कॉर्मेंडी आणि रॉबर्ट केनिकट यांनी २००४ मध्ये या विचाराचा विस्तृत आढावा घेतला. तबकडीतूनच संथपणे घडलेल्या फुगवट्यांसाठी त्यात ‘छद्म फुगवटा’ हे नाव होते.

छद्म कोणाच्या तुलनेत? १९८९ मध्ये सोडलेल्या ‘कोबे’ उपग्रहाच्या अवरक्त चित्रांत आपल्याच आकाशगंगेचा मध्य चौकोनी दिसला. २०१० च्या एका अभ्यासाने तर तिच्यात जुन्या व्याख्येतला फुगवटा असलाच तर अल्प आहे, असे दाखवले. ज्याला आपण नकली म्हटले, त्याच्याच कुशीत आपण राहत होतो.

उपमेवाचून पाहता येत नाही, हे खरे. पण तिची मुदत केव्हा संपली, हे ओळखणे हीही वाचनाचीच जबाबदारी आहे.