भाकिती नियंत्रकाची स्वयंजुळवणी (वाहन-वातानुकूलन)

वाहनाच्या केबिनमधील तापमान राखणाऱ्या भाकिती नियंत्रकाचे मापदंड हाताने न बसवता संगणकीय शोधाने ठरवण्याची पद्धत. साधा थर्मोस्टॅट तापमान बदलल्यावरच हालचाल करतो. भाकिती नियंत्रक केबिनच्या गणिती प्रतिमानावरून पुढची काही मिनिटे आधीच आजमावतो आणि त्यानुसार कॉम्प्रेसर व पंखा चालवतो. भाकिती नियंत्रणाचे तंत्र १९७० च्या दशकात तेलशुद्धीकरण उद्योगात रुजले.

चाळीसगावहून कन्नडमार्गे पिशोरला येणारी मोटार घ्या. औट्रम घाटाची चढण लागण्याआधीच केबिन थोडी जास्त गार केली, तर ऐन चढणीवर कॉम्प्रेसर सैल सोडता येतो आणि इंजिनाची ताकद चाकांना मिळते. पण किती आधी, किती गार? ते ठरते आराम, इंधन आणि कॉम्प्रेसरची झीज यांना दिलेल्या भारांकांवर. हे भारांक अनुभवाने बसवणे फार वेळखाऊ असते. बेझियन इष्टतमीकरणासारखी रीत प्रत्येक चाचणीच्या निकालावरून पुढची चाचणी निवडते, त्यामुळे मोजक्या फेऱ्यांत चांगले भारांक हाती येतात. प्रतिमानच चुकीचे असेल तर मात्र ही जुळवणीही फसवी ठरते.

विजेवरील वाहनांत हा प्रश्न अधिक निकडीचा आहे. एसटीची ‘शिवाई’ बस १ जून २०२२ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर सुरू झाली. अशा गाडीत गारव्यासाठी लागणारी वीज थेट पल्ल्यातून वजा होते. थंड देशात जुळवलेले भारांक मराठवाड्याच्या मे महिन्यात, थांब्याथांब्यावर दार उघडणाऱ्या बसमध्ये तसेच वापरणे चूक आहे. ते इथल्याच उन्हात पुन्हा जुळवायला हवेत.