सायकलस्वार आणि मद्यपान (मुंबई)

दारू पिऊन सायकल चालवणाऱ्याला मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम १८५ लागू होत नाही. हे कलम मोटार वाहनापुरते आहे, आणि कलम २(२८) नुसार यांत्रिक शक्तीवर चालणारे वाहनच मोटार वाहन ठरते. त्यामुळे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम मद्यार्काची मर्यादा, २०१९ च्या दुरुस्तीने १०,००० रुपयांपर्यंत वाढलेला पहिल्या गुन्ह्याचा दंड आणि कलम २०३ खालची श्वासचाचणी यांतले काहीच सायकलस्वारापर्यंत पोहोचत नाही. लालबागच्या नाकाबंदीत डबेवाल्याला किंवा पाववाल्याला यंत्रात फुंकायला लावण्याचा अधिकार या अधिनियमात नाही.

दारूबंदी कायदा : सायकलस्वाराला गाठणारा कायदा रहदारीचा नाही, दारूबंदीचा आहे. मुंबई शहरात दारूबंदीचा पहिला प्रयोग बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळातले मंत्री डॉ. गिल्डर यांनी १ ऑगस्ट १९३९ रोजी सुरू केला. पुढे १९४९ चा मुंबई दारूबंदी अधिनियम आला आणि एप्रिल १९५० पासून राज्यभर पूर्ण बंदी झाली. तिचा एक मोठा रोख गिरणगावातल्या कामगारावर होता. बंदी पुढे सैल झाली, पण अधिनियम राहिला. आज तो महाराष्ट्राच्या नावाने आहे. त्याचे कलम ८५ रस्त्यावर नशेत स्वतःवरचा ताबा गमावणाऱ्याला किंवा गैरवर्तन करणाऱ्याला लागू होते. तो पायी आहे की सायकलवर, याने फरक पडत नाही. कलम १२९-अ नुसार संशयिताला डॉक्टरकडे नेऊन त्याचे रक्त घेता येते. विनापरवाना मद्यसेवनाच्या खटल्यात रक्तात ०.०५ टक्के (१०० मिलिलिटरमागे ५० मिलिग्रॅम) मद्यार्क आढळल्यास खुलाशाचा भार आरोपीवर येतो. म्हणजे एकाच शहरात मोटारचालकासाठी ३० मिलिग्रॅमचे माप आहे आणि या खटल्यांसाठी ५० चे. तोंडाला वास येणे, चाल डळमळणे एवढ्यावर मद्यसेवन सिद्ध होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातील एका प्रकरणात १९७१ मध्ये म्हटले. रक्ताच्या नमुन्याचे महत्त्व त्यामुळेच मोठे आहे.

भारतीय न्याय संहिता (१ जुलै २०२४ पासून) : कलम २८१ ‘कोणतेही वाहन’ बेदरकारपणे चालवण्याबद्दल आहे, सायकल त्यात येते. कलम ३५५ नशेत सार्वजनिक ठिकाणी उपद्रव देणाऱ्यासाठी आहे : २४ तासांपर्यंत साधी कैद, १,००० रुपयांपर्यंत दंड, दोन्ही, किंवा समाजसेवा. जुन्या भारतीय दंड संहितेत हा दंड दहा रुपये होता.

ई-सायकल : २५० वॉटपेक्षा कमी शक्तीची आणि ताशी २५ किलोमीटरच्या आत चालणारी, विहित अटींतली ई-सायकल मोटार वाहन मानली जात नाही, म्हणून तिच्या स्वारालाही कलम १८५ लागू होत नाही.

अन्य देश : जपानने नोव्हेंबर २०२४ पासून नशेत सायकल चालवण्याच्या शिक्षा कडक केल्या. जर्मनीत रक्तात १.६ प्रति हजार मद्यार्क ही सायकलस्वाराची फौजदारी मर्यादा आहे.

भरपाई : सर्वांत गंभीर उणीव येथे आहे. सायकलला तृतीय-पक्ष विमा सक्तीचा नाही. परळला केईएम किंवा टाटा रुग्णालयाच्या दारात एखाद्या पादचाऱ्याला सायकलची धडक बसली, तर त्याला मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे जाता येत नाही. दिवाणी दावा लावावा लागतो. उलट मोटारीने उडवलेला सायकलस्वार न्यायाधिकरणाकडे जाऊ शकतो. मात्र त्याची नशा अपघाताला कारण ठरल्याचे सिद्ध झाल्यास अंशतः हयगय धरून भरपाई कमी होऊ शकते.