घरावर सोलर बसवायचंय? निपाणीचा हिशेब वेगळा, कागलचा वेगळा

निपाणी : कागल आणि निपाणी यांच्यात जेमतेम वीस-बावीस किलोमीटरचं अंतर. कोगनोळीचा टोलनाका ओलांडला की राज्य बदलतं, ऊन मात्र तेच राहतं. पॅनल तेच, केंद्राची सबसिडीही तीच. तरीही गच्चीवर ३ किलोवॉटचं सोलर बसवल्यावर कागलच्या घराचे पैसे तीन वर्षांत वसूल होतात, निपाणीच्या तशाच घराला पाच-साडेपाच वर्षं लागतात. निपाणीतल्याच शेजारच्या घराचे तर कधीच वसूल होत नाहीत, कारण त्यांचं लाईट बिल आधीच शून्य आहे.

सीमाभागात पाहुणेरावळे दोन्हीकडचे. कोल्हापूर, गडहिंग्लज, चंदगडकडच्या नातेवाइकांनी सोलर बसवलं आणि बिल किती कमी आलं ते सांगितलं की बेळगाव, निपाणी, खानापूरकडची मंडळी लगेच चौकशीला लागतात. पण पाहुण्यांचं बिल महावितरणचं असतं आणि आपलं हेस्कॉमचं. सगळा फरक तिथून सुरू होतो.

एक खुलासा आधी केलेला बरा. आपल्याकडे नुसतं ‘सोलर’ म्हटलं की बऱ्याच जणांच्या डोळ्यांपुढे गच्चीवरचा पाणी तापवायचा बंब येतो. ती वेगळी वस्तू. हा लेख वीज तयार करणाऱ्या पॅनलबद्दल आहे.

खर्च किती, सबसिडी किती

केंद्र सरकारची ‘पीएम सूर्य घर : मुफ्त बिजली योजना’ फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. देशातली १ कोटी घरं हे उद्दिष्ट आणि तरतूद ७५ हजार २१ कोटींची. घरगुती ग्राहकाला पहिल्या २ किलोवॉटपर्यंत किलोवॉटमागे ३० हजार रुपये आणि तिसऱ्या किलोवॉटला १८ हजार रुपये मिळतात. म्हणजे १ किलोवॉटला ३० हजार, २ ला ६० हजार, ३ ला ७८ हजार. त्यापुढे ५ किलोवॉट बसवा नाही तर १० बसवा, सबसिडी ७८ हजारांवरच थांबते.

सरकारने सबसिडी ठरवताना पहिल्या दोन किलोवॉटचा खर्च प्रत्येकी ५० हजार आणि तिसऱ्याचा ४५ हजार धरला. म्हणजे कागदावर ३ किलोवॉटला १ लाख ४५ हजार. बाजारात मात्र चांगल्या मालाचं कोटेशन साधारण १ लाख ८० हजार ते २ लाख १० हजारांच्या घरात जातं. कारण सबसिडीसाठी डीसीआर पॅनल लागतात, म्हणजे आतला सेल आणि पॅनल दोन्ही भारतात बनलेले. ते बाहेरच्या मालापेक्षा महाग पडतात. स्वस्त कोटेशन देणारा कधी कधी डीसीआर नसलेला माल धरतो आणि मग सबसिडी अडकते. कोटेशनवर ‘डीसीआर’ हा शब्द आणि पॅनलची कंपनी, वॅट, संख्या लिहून घ्यावी.

जीएसटीचंही बघावं. २२ सप्टेंबर २०२५ पासून सोलर साहित्यावरचा कर १२ वरून ५ टक्क्यांवर आला. पण संपूर्ण काम एकाच ठेक्यात दिलं तर बिलाचा ७० टक्के भाग साहित्य आणि ३० टक्के भाग सेवा धरतात, सेवेवर १८ टक्के. हिशेब केला तर एकूण कर ८.९ टक्के पडतो. पूर्वी तो १३.८ टक्के पडायचा. कोटेशन ‘जीएसटीसह’ की ‘जीएसटी वेगळा’, एवढ्या एका शब्दात पंधरा-सतरा हजारांचा फरक लपलेला असतो.

सबसिडी आधी मिळत नाही. पूर्ण रक्कम भरायची, काम झाल्यावर, नेट मीटर लागल्यावर आणि तपासणी झाल्यावर ती बँक खात्यात जमा होते. पैसे एकरकमी नसतील तर ३ किलोवॉटपर्यंत २ लाखांच्या आत विनातारण कर्ज राष्ट्रीयीकृत बँका देतात. व्याजदर रेपो दराशी जोडलेला, सहा-सात टक्क्यांच्या आसपास.

दोन बिलं शेजारी ठेवून

१ किलोवॉटचा पॅनल वर्षाला सरासरी १४०० युनिट देतो असं धरायला हरकत नाही. ३ किलोवॉटचे ४२०० युनिट, महिन्याला सरासरी ३५०. आता महिना ३०० युनिट वापरणारी दोन घरं घेऊ. दोघांनी १ लाख ९५ हजारांचं सोलर बसवलं, सबसिडी वजा जाता खिशातून १ लाख १७ हजार गेले. दर २०२४-२५ च्या दरपत्रकाचे.

निपाणीत हेस्कॉमचा घरगुती दर सरसकट ५ रुपये ९० पैसे. कर्नाटकात त्या वर्षापासून घरगुती ग्राहकांसाठी टप्पे राहिले नाहीत. पहिला युनिट आणि तीनशेवा युनिट एकाच दराचा. ३०० युनिटचे १७७० रुपये, त्यावर ९ टक्के वीज कर, मिळून १९२९ रुपये. सोलरमुळे वाचतात ते एवढेच, वर्षाला सुमारे २३ हजार. मंजूर भाराच्या प्रत्येक किलोवॉटमागे १२० रुपये स्थिर आकार असतो, म्हणजे ३ किलोवॉटला ३६० रुपये. हे वाचत नाहीत. वीज वापरली नाही तरी द्यावे लागतात.

कागलमध्ये महावितरणचे टप्पे. पहिले १०० युनिट वहन आकारासह ५ रुपये ८८ पैशांनी, पुढचे २०० युनिट ११ रुपये ४६ पैशांनी. एकूण २८८० रुपये, त्यावर १६ टक्के वीज शुल्क धरून ३३४० रुपये. वर्षाला ४० हजार. ३०० च्या पुढे वापर असेल तर दर आणखी चढतो, १५ रुपये ७२ पैसे. महाराष्ट्रात सोलर आधी सर्वांत महागडे युनिट खाऊन टाकतं, कर्नाटकात तसले महागडे युनिटच नाहीत.

पुढच्या वर्षी, २०२५-२६ ला, कर्नाटकात युनिटचा दर १० पैशांनी उतरला, पण स्थिर आकार किलोवॉटमागे १४५ रुपये झाला आणि कर्मचाऱ्यांच्या पेन्शन-ग्रॅच्युइटीसाठी युनिटमागे ३६ पैसे अधिभार लागला. हे लक्षात घ्यायला हवं, कारण बिलाचा जो भाग स्थिर आकारात जातो त्याला सोलर हात लावू शकत नाही.

जादा विजेचंही असंच. दिवसा पॅनलने तयार केलेली वीज घरात वापरून उरली की ती लाईनमध्ये जाते आणि दुतर्फा मोजणाऱ्या नेट मीटरमध्ये नोंदली जाते. कर्नाटकात सबसिडी घेतलेल्या घरगुती ग्राहकाच्या अशा जादा युनिटला ३ रुपयांहून कमी दर मिळतो. महाराष्ट्रात जादा युनिट पुढच्या महिन्याच्या खात्यात जमा होत राहतात आणि ३१ मार्चला वर्षाचा हिशेब होतो. म्हणून निपाणी-बेळगावकडे गरजेपेक्षा मोठं सोलर बसवून ‘वीज विकून कमवू’ हा विचार डोक्यातून काढलेला बरा. पोरं पुण्या-मुंबईला, घरात म्हातारी दोघंच, नाही तर घराला वर्षातले दहा महिने कुलूप, अशी घरं सीमाभागात गल्लोगल्ली आहेत. तिथे जवळजवळ सगळी वीज ३ रुपयांहून कमी दराने लाईनला जाणार.

गृहज्योती असेल तर?

इथे खरी मेख आहे. कर्नाटक सरकारची गृहज्योती योजना जुलै २०२३ पासून लागू आहे. २०२२-२३ मधल्या आपल्या सरासरी वापरावर १० टक्के वाढवून जो आकडा येतो तेवढे युनिट मोफत, कमाल मर्यादा २००. ज्यांची सरासरी ४८ युनिटांच्या आत होती त्यांना १० टक्क्यांऐवजी सरळ १० युनिट वाढवून मिळतात. मोफत आकड्याच्या वर पण २०० च्या आत वापर गेला तर फक्त फरकाचे पैसे. २०० ओलांडले की संपूर्ण बिल भरायचं.

महिना १२० युनिट वापरून शून्य बिल येणाऱ्या घराने सोलरवर लाखभर रुपये घातले तर वाचणार काय? काही नाही. तीच रक्कम बँकेत ठेव म्हणून ठेवली तर वर्षाला सात-आठ हजार व्याज मिळेल.

अडचण होते ती २०० च्या सीमारेषेवरच्या घरांची. समजा मोफत आकडा १९८ आहे आणि नवीन फ्रिज किंवा एसी आल्यापासून वापर २३० वर गेलाय. मग १४७९ रुपये कर धरून, वर स्थिर आकार. अशा घराला ३ किलोवॉटच्या सोलरपेक्षा ३२-३५ युनिट कमी करणं स्वस्त पडतं. जुने ७५ वॅटचे पंखे काढून २८-३० वॅटचे बीएलडीसी पंखे लावले, आंघोळीच्या पाण्याचा गीझर कमी केला, की बहुतेक काम होतं. एजंट हे सांगणार नाही, त्याला पंख्यात काही सुटत नाही.

२५०-३०० च्या वर कायम वापर असणारी घरं, खाली दुकान वर घर असणारी, दोन-तीन भावांचं एकत्र कुटुंब, गृहज्योतीच्या बाहेर आहेतच. त्यांनी सोलरचा विचार जरूर करावा. गृहज्योतीत असूनही नेट मीटर घ्यायचा असेल तर बिल कसं निघेल, मोफत युनिट कशावर मोजले जातील, हे हेस्कॉमच्या आपल्या सेक्शन ऑफिसात अर्ज देऊन लेखी उत्तर घ्यावं. तोंडी ‘होतंय हो’ वर दोन लाख घालू नयेत.

पलीकडच्या वाचकांसाठी : महाराष्ट्रात २०२५ मध्ये ‘स्मार्ट’ ही राज्याची वेगळी योजना आली. दारिद्र्यरेषेखालच्या ग्राहकाला १ किलोवॉटसाठी केंद्राच्या ३० हजारांवर राज्याचे १७ हजार ५०० मिळून स्वतःचे फक्त अडीच हजार पडतात. महिना १०० युनिटच्या आत वापर असणाऱ्या इतर सर्वसाधारण ग्राहकाला १० हजार, अनुसूचित जाती-जमातीच्या ग्राहकाला ५ हजार. हे महावितरणच्या मीटरलाच आहे. गाव सीमेवर आहे, रेशनकार्ड कुठलं आहे, याने फरक पडत नाही. मीटर कुणाचा, एवढंच बघितलं जातं.

लाईट गेली की सोलरही बंद

पैसे भरून झाल्यावर अनेकांना हे कळतं. सबसिडीतलं साधं ऑन-ग्रिड सोलर लाईन गेली की आपोआप बंद पडतं, भर दुपारी कडक ऊन असलं तरी. खांबावर काम करणाऱ्या लाईनमनला आपल्या घरातून शॉक बसू नये म्हणून इन्व्हर्टरमध्ये तशी सोयच असते. पावसाळ्यात झाड पडून दोन-दोन दिवस वीज जाणाऱ्या खानापूर-चंदगड भागातल्यांनी हे आधीच समजून घ्यावं. लाईट नसताना वीज हवी तर बॅटरी आणि हायब्रिड इन्व्हर्टर लागतो. खर्च बराच वाढतो आणि बॅटरीमुळे सबसिडी वाढत नाही. घरात साधा इन्व्हर्टर-बॅटरी आधीपासून असेल तर तो तसाच ठेवलेला पुरतो.

छप्पर आणि पाऊस

१ किलोवॉटला सावली नसलेली साधारण १०० चौरस फूट जागा लागते. स्लॅबची गच्ची असेल तर सोपं. मंगलोरी कौलांच्या जुन्या घरावर वासे-रिपा तपासल्याशिवाय पॅनल चढवू नयेत. बऱ्याचदा अंगणात किंवा गोठ्याच्या पत्र्यावर लोखंडी सांगाडा करणं परवडतं. उंच सांगाडा केला तर खाली वाळवण घालता येतं, पण लोखंडाचे आणि वाऱ्यासाठी पाया भक्कम करण्याचे पैसे वाढतात. नारळाची किंवा पाण्याच्या टाकीची सावली एका पॅनलवर जरी पडली तरी त्या रांगेतली निर्मिती उतरते.

जून ते सप्टेंबर उत्पादन बरंच खाली येतं. घाटाच्या जवळ, जांबोटी-कणकुंबीकडे, ते निपाणीपेक्षा जास्त उतरतं. ऊस गाळपाच्या हंगामात कारखान्याच्या परिसरात काजळी पॅनलवर बसते, ती पंधरा दिवसांतून एकदा धुवावी. सकाळी लवकर, पॅनल तापायच्या आत, साध्या पाण्याने.

पॅनलची हमी २५ वर्षांची असते, इन्व्हर्टरची तेवढी नसते. दहा-बारा वर्षांनी एकदा तो बदलावा लागेल असं धरून २५ ते ३५ हजार बाजूला ठेवावेत. योजनेप्रमाणे पहिली पाच वर्षं देखभाल बसवणाऱ्यानेच करायची आहे, हे करारात असलंच पाहिजे.

अर्ज करताना

पीएम सूर्य घर पोर्टलवर राज्य, वीज कंपनी आणि मीटरचा क्रमांक टाकून नोंदणी होते. हेस्कॉमच्या बिलावर आरआर नंबर आणि खाते क्रमांक असतो, महावितरणच्या बिलावर ग्राहक क्रमांक. बिल कन्नडमधून येतं म्हणून अनेकजण ते एजंटच्याच हातात देतात. तसं न करता शेजारच्या शाळकरी मुलाकडून का होईना, नाव आणि मंजूर भार वाचून घ्यावा. १० किलोवॉटपर्यंतच्या अर्जाला आता वेगळी तांत्रिक पाहणी लागत नाही, ती मंजूर धरली जाते. वेंडर पोर्टलवर नोंदलेलाच निवडायचा, नाही तर सबसिडी नाही.

सर्वांत जास्त अर्ज अडकतात ते नावावरून. मीटर आजोबांच्या नावावर, घर वडिलांच्या नावावर, बँक खातं मुलाचं, आणि वाटणी अजून कागदावर झालेली नाही. मीटरवरचं नाव, अर्जदार आणि सबसिडीचं खातं एकच लागतं. मीटर नावावर करून घ्यायला उतारा, वारसाची कागदपत्रं, इतर वारसांची संमती लागते. हे काम वेंडर शोधण्याच्या आधी सुरू करावं, कारण योजनेची मुदत २०२६-२७ या आर्थिक वर्षापर्यंतच आहे. योजनेच्या चौकशीसाठी १५५५५ आणि हेस्कॉमच्या तक्रारींसाठी १९१२ हे क्रमांक आहेत.